दोघांच्या वजनाचा क्लच

मास्तरांच्या हिशेबात ती मिनी बाइक जितकी जड असायला हवी होती, त्याहून जास्त जड होती. उभी असताना नव्हे. चालू लागली की.

हे त्यांनी अजून कुणाला सांगितले नव्हते. तंत्रशाळेत पिढ्यान् पिढ्या पोरांना फिटिंग शिकवलेला माणूस असले काही बोलत नाही. वर्गात नव्या तुकडीपुढे त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे : "यंत्राला नजर लागत नाही आणि यंत्र रुसतही नाही. त्यात काहीतरी सैल असतं, नाहीतर काहीतरी घट्ट. ते शोधायचं." निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्येही हेच वाक्य त्यांच्या सोबतीला होते. तिथे पाने आकारानुसार टांगलेले असत, हातोड्यांचे दांडे एका दिशेला असत, आणि फडके वापरून झाले की घडी करून ठेवले जाई.

या शिस्तीत न बसणारी शेडमधली एकच वस्तू म्हणजे ती बाइक. गुडघ्याएवढी उंच, फुगीर टायरची, पाण्याच्या पंपाच्या इंजिनावर चालणारी. ती त्यांच्या मुलाने बनवली होती. लहानपणी दुकानातून काडेपेटी आणायला सांगितली तरी तोंडाने भुर्र करत, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून तो पळत सुटे, म्हणून त्याचे नाव भुर्र्या पडले आणि मिसरूड फुटल्यावरही ते सुटले नाही. मागच्या वर्षी साध्या तापाचे निमित्त झाले. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता तो ताप त्याला घेऊनच गेला.

बाइक शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. वर्षभर तिला कुणी हात लावला नाही. मग एके दिवशी धाकट्या मुलीने, ठकीने, ताडपत्री ओढून काढली.

"बाबा, क्लच लावून द्या मला. टाकीचा चढ चढायचाय."

"आत्ता? तुझी बॅग भरून झाली का?"

"बॅग आई भरतेय. मी महिनाअखेरीस शिकायला बाहेरगावी जाणार, मग कधी येईन देव जाणे. त्याआधी एकदा चढायचंय."

टाकीचा चढ म्हणजे वस्तीमागच्या टेकाडावर पाण्याची टाकी होती, तिच्याकडे जाणारा खडीचा रस्ता. निम्म्यावर पाइपलाइनचा मोठा लोखंडी व्हॉल्व्ह होता आणि तिथेच रस्ता वळून एकदम छातीवर यायचा. भुर्र्या पुढे आणि ठकी मागे, असे ते दोघे दर सुटीच्या दिवशी त्या चढाला भिडत आणि दर वेळी व्हॉल्व्हपाशी दम तुटे. पट्टा घसरे, जळक्या रबराचा वास सुटे आणि दोघे गाडी ढकलत, एकमेकांना शिव्या घालत खाली येत. एकट्याने तो सहज वर गेला असता. मास्तरांनी त्याला तसे सुचवलेही होते. "एकटा जाऊन तिथे काय टाकीशी गप्पा मारू?" तो म्हणाला होता. "वर गेलो तर दोघं. नाहीतर कुणीच नाही."

मास्तरांनी काम हाती घेतले ते रीतीप्रमाणे. टॉर्क कन्व्हर्टर क्लचची रचना त्यांना तोंडपाठ होती. एक पुली इंजिनाच्या दांड्यावर, दुसरी चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर आणि मध्ये रुंद पट्टा. इंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या पुलीचे दोन गाल जवळ येतात, पट्टा कडेला चढतो. मागच्या पुलीचे गाल तेवढेच फाकतात आणि पट्टा आत उतरतो. गाडी वेग घेते. गिअरचा दांडा नाही की पायाखाली पेडल नाही. पण मास्तरांना या रचनेत सर्वांत आवडे ती मागच्या पुलीतली जाड स्प्रिंग. चाकावर ओझे आले की ती फाकलेले गाल पुन्हा मिटवते आणि गाडीला ताकदीच्या गिअरमध्ये आणते. तिचे टोक अडकवायला तीन भोके असतात. पहिल्या भोकात ती सैल बसते, तिसऱ्यात कडक. हलक्या स्वाराला सैल, जड स्वाराला कडक. थोडक्यात, आपल्यावर किती ओझे आहे हे त्या क्लचला कळते, आणि त्याला फसवता येत नाही.

त्यांनी झाकण उघडले. दोन्ही पुल्या स्पिरिटने पुसल्या, कारण तिथे तेलाचे बोटही चालत नाही. पट्ट्याची सपाट बाजू इंजिनाकडे आहे ना ते पाहिले. भुर्र्या ही बाजू हमखास उलटी लावायचा आणि वर "पट्टा गोल असतो बाबा, गोलाला कसली बाजू?" असे विचारायचा. या वेळी मात्र ती बरोबर होती. पट्ट्यावरची चकाकी त्यांनी पॉलिश पेपरने घालवली. पट्टी धरून दोन्ही पुल्या एका रेषेत आणल्या. ठकी शिडशिडीत, तिच्या वजनाला स्प्रिंग मधल्या भोकात घातली. मागचे चाक उचलून गाडी स्टँडवर चालवून पाहिली. सांगितलेल्या फेऱ्यांना पट्टा हलला, सांगितल्या ठिकाणी पोचला. ताशीव काम.

"बस," ते ठकीला म्हणाले. "गल्लीच्या टोकापर्यंत जा आणि ये."

गल्ली सपाट होती. शेजारच्या बांधकामाची वाळू तिच्यावर पसरली होती. ठकी निघाली आणि मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. इंजिन कण्हत होते. मागच्या पुलीचे गाल फाकतच नव्हते; सपाट रस्त्यावर गाडी चढावर असल्यासारखी चालली होती. ठकी वळून परत आली तेव्हा पट्ट्याला वास सुटला होता.

"ब्रेक घासतोय कुठेतरी," मास्तर म्हणाले.

ब्रेक घासत नव्हता. त्यांनी चाक उचलून बोटाने फिरवले, ते कितीतरी वेळ फिरत राहिले. चेन ताठ नव्हती. बेअरिंग बदलून पाहिले. कार्ब्युरेटर उघडला, धुतला, बसवला. ठकी पुन्हा बसली आणि गाडी पुन्हा कण्हली.

शेवटी त्यांनी भिंतीपलीकडच्या वेल्डरला हाक मारली. वेल्डर त्यांचा जुना विद्यार्थी. अंगाने असा भरदार की त्याच्या दुकानातला स्टूल तो दर वर्षी स्वतःच नव्याने वेल्ड करी.

"ह्या सायकलीवर मी?" त्याने बाइककडे पाहिले, मग स्वतःच्या पोटाकडे. "मास्तर, परीक्षेत नापास केलंत ते कमी पडलं का? आता मारताय."

"मुकाट बस. गल्लीच्या टोकापर्यंत."

"मोडली तर वेल्डिंग फुकट करीन. मी मोडलो तर?"

"तर तुला करीन वेल्ड. बस."

वेल्डर बसला आणि गाडी दिसेनाशी झाली. त्याच्याखालून फक्त टायर डोकावत होते. पण ती चालली. जड माणूस घेऊन जशी चालावी तशी. थोडी दमाने, थोडी कुरकुरत, पण हिशेबाला धरून. तो परत आला आणि घाम पुसत म्हणाला, "छान लावलाय क्लच. कण्हली ती माझ्या वजनाने. उगाच बिचारीला नावं ठेवता."

मास्तर त्याच्याकडे पाहत नव्हते. ते वाळूवर वाकले होते. वाळूत मागच्या टायरचे दोन ठसे शेजारी शेजारी पडले होते. एक आत्ताचा, वेल्डरचा. रुंद आणि खोल. दुसरा मघाचा, ठकीचा.

तोही तितकाच खोल होता.

"काय पडलं का मास्तर?" वेल्डरने विचारले.

"नाही," मास्तर म्हणाले आणि चपलेने दोन्ही ठसे पुसून टाकले. मग आपण ते का पुसले हे त्यांना कळेना. निरीक्षण पुसणाऱ्या विद्यार्थ्याला ते एके काळी वर्गाबाहेर काढत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाइक भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. भंगारवाला खूश झाला. "देताय वाटतं शेवटी! आणि पोरगी वर का बसलीय? पोरीसकट देताय?"

"पोरीचं भंगार व्हायला वेळ आहे अजून," ठकी म्हणाली. "तुमचं मात्र झालेलं दिसतंय."

काट्याने गाडीचे वजन अधिक ठकीचे वजन दाखवले. एक चिमूटही वर नाही. मास्तरांनी इंजिन सुरू करायला लावले. काटा थरथरला आणि पुन्हा तिथेच आला. उभ्या गाडीवर एकच माणूस होता. घरी येताना ठकी गाडीवरून निघाली आणि मास्तर मागून चालत आले. पुढे इंजिन कण्हत होते, आणि धुळीत टायरची खोल रेघ उमटत चालली होती.

ठकी कोपऱ्यावर त्यांच्यासाठी थांबली होती. ती कशी बसली आहे हे मास्तरांनी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. ती अगदी पुढे सरकली होती. गुडघे हँडलला टेकत होते. लांबट सीटचा मागचा अर्धा भाग रिकामा होता.

"अशी का बसतेस? मध्ये बस," ते म्हणाले. "मध्ये बसलीस तर वजन दोन्ही चाकांवर सारखं येईल."

"मध्ये बसता येत नाही."

"का?"

ठकीने खांदे उडवले. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. "जागा नाही," ती म्हणाली आणि गाडी पुढे काढली.

घरी बायको खोलीत ठकीच्या कपड्यांना इस्त्री करत होती. मास्तर दारात उभे राहिले. त्यांना काही विचारायचे होते, पण ते वाक्य त्यांना जुळवता येईना. आयुष्यभर त्यांची वाक्ये मोजून मापून तयार असत.

"विचारा की," बायको म्हणाली. तिने इस्त्रीवरून नजर उचलली नाही. "दोन दिवस झाले, ताटात बघून जेवत नाही तुम्ही."

"क्लच बरोबर लागलाय. पण ओझं जास्त दाखवतो. फक्त ती बसली की."

"मग ओझं असेल."

"अगं, काट्यावर नाही येत ते!"

"काट्यावर न येणारी ओझी तुम्हाला ठाऊकच नाहीत जणू." तिने सदरा उलटा केला. "किती दाखवतो? किती जास्त?"

तो हिशेब मास्तरांनी मनात केला होता आणि तिथेच दाबून ठेवला होता. पट्टा कुठल्या फेऱ्यांना अडतो, गाल किती फाकतात, यावरून अंदाज निघतो. तो अंदाज जिन्यावरून उड्या मारत उतरणाऱ्या, रात्रीच्या जेवणातली शेवटची पोळी हमखास लांबवणाऱ्या एका मुलाच्या वजनाइतका होता. आजारापूर्वीच्या.

"तेवढंच," ते म्हणाले.

बायकोने इस्त्री उभी ठेवली. ती रडेल असे त्यांना वाटले, पण ती रडली नाही. तिने दीर्घ श्वास घेतला, जसा उशीर झालेले माणूस घरी पोचल्याचे कळल्यावर घेतात. "तरीच," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, ती पुढे सरकून बसायला लागली तेव्हा. मग दोघांचं धरून लावा की. यात एवढं काय अवघड आहे? तुम्हाला येतं ना?"

त्यांना येत होते. अवघड काहीच नव्हते. स्प्रिंग तिसऱ्या भोकात, मागे जास्त दात्यांचे स्प्रॉकेट, पुढच्या पुलीत थोडी कडक स्प्रिंग म्हणजे इंजिन जोर धरल्यावरच पट्टा पकडेल. अर्ध्या दिवसाचे काम. मग गाडी दोघांना घेऊन व्हॉल्व्हचे वळण घेईल, टाकीपाशी पोचेल.

आणि मग?

शेडमध्ये झाकण उघडून बसल्यावर हा एकच प्रश्न मास्तरांच्या पुढ्यात येऊन बसला. पोराचे काम काय राहिले होते? तो चढ. वर गेलो तर दोघं. आणि वर गेल्यावर तो कशासाठी थांबेल? वर्षभरात मास्तरांना तो स्वप्नातही दिसला नव्हता. त्याचा आवाज आठवायचा म्हटला तर नुसते भुर्र ऐकू येई. आता इतक्या दिवसांनी त्याचा काहीतरी पुरावा हाती आला होता. डोळ्यांना दिसणारा, वाळूत उमटणारा, फेऱ्यांमध्ये मोजता येणारा. आणि तो घालवून टाकण्याची किल्ली नेमकी त्यांच्याच हातात होती.

मास्तरांनी पकडीने स्प्रिंगचे टोक धरले. मधल्या भोकातून काढले. क्षणभर ते तसेच धरून बसले. मग त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. काम जाणूनबुजून चुकीचे केले. टोक पहिल्या भोकात घातले, सर्वांत सैल, आणि झाकण लावून टाकले.

संध्याकाळी उन्हे कलल्यावर ते आणि ठकी चढाच्या पायथ्याशी गेले. ठकीने हेल्मेटचा पट्टा आवळला, पुढे सरकून बसली आणि निघाली. मास्तर खाली उभे राहून ऐकत होते. इंजिन लवकरच हाशहुश करू लागले. सैल स्प्रिंगने पट्टा भलत्या वेळी आत उतरला, गाडीची ताकद गेली. व्हॉल्व्हपर्यंतही ती नीट पोचली नाही. वळणाच्या तोंडाशी ती थांबली आणि पट्टा किंचाळला.

आणि मास्तरांना बरे वाटले. असे बरे वाटले की त्यांनी चट्कन इकडेतिकडे पाहिले, कुणी आपला चेहरा पाहिला नाही ना म्हणून.

ठकी गाडी ढकलत खाली आली. एरवी असे झाले तर ती शिव्या घालायची. आज तिने सरळ गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढले, खिशातला पाना काढला आणि रस्त्याच्या कडेलाच क्लचचे झाकण उघडले. मास्तर पाहत राहिले. ते तिला थांबवू शकले असते. तिने वाकून आत पाहिले.

"पहिल्या भोकात," ती म्हणाली.

मास्तरांनी रस्त्यावरचा एक खडा चपलेने बाजूला सारला.

"बाबा, मी दादाच्या शेजारी बसून हे सगळं शिकले. कुठलं भोक कशाला ते मला झोपेत सांगता येतं. तुमचा हात चुकत नाही. पहिल्यात का घातलीत?"

"बघत होतो... फरक काय पडतो ते."

"खोटं बोलताना तुम्ही मिशी चावता."

त्यांनी मिशी सोडली.

ठकी खडीवर मांडी घालून बसली. तिच्या मागे बाइक उभी होती, रिकामी, आणि तिच्या गरम सायलेन्सरचा टिकटिक आवाज येत होता. "ठेवून घ्यायचंय ना तुम्हाला त्याला?" ती म्हणाली. "मलाही हवाय. मला काय नकोय? पहिल्या दिवशी गल्लीत मागे कुणीतरी बसल्यासारखं झालं, तेव्हा मी रडत रडत गेले टोकापर्यंत. खरं सांगते, आनंदाने. मला चालवायला शिकवताना तो मागे बसायचा आणि त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकायची, तसंच. गार लागतं तिथे, एवढाच फरक." तिने डाव्या खांद्यावर हात ठेवला. "पण बाबा, तो फक्त मी बसले की येतो. वेल्डरकाका बसले तेव्हा आला नाही. काट्यावर आला नाही. त्याला जायचंय कुठेतरी, आणि माझ्यासोबत जायचंय. मी महिनाअखेरीला गेले की?"

तिने बाइककडे मान वळवली.

"मी गेले की ही परत ताडपत्रीखाली जाणार. मग तो कुणाच्या मागे बसणार? शेडमध्ये बसून राहणार? तुमच्या त्या टांगलेल्या पान्यांकडे बघत?"

वाऱ्याने खडीवरची धूळ जरा हलली. मास्तरांना ताडपत्री दिसली. तिच्याखालचा अंधार, आणि त्यात वाट बघत बसलेले, कंटाळलेले, एका जागी कधीच न बसू शकलेले ते पोर. तो लहान असताना शिक्षा म्हणून त्यांनी त्याला कोपऱ्यात बसवले की पाच मिनिटांत त्याचे गुडघे हलू लागत.

"चल घरी," ते म्हणाले. "उद्या लावतो. दोघांचं धरून."

सकाळी त्यांनी शेडचे दार पुरते उघडले. बायकोही आली आणि दारातल्या खोक्यावर बसून राहिली. शेडमध्ये ती सहसा येत नसे. तिच्या मते तिथे बसायची सोयच नव्हती, कारण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती, फक्त माणसाची नव्हती.

भुर्र्याच्या पत्र्याच्या पेटीत मोठे स्प्रॉकेट सापडले. नवे कोरे, कागदात गुंडाळलेले. त्याने ते आणले होते म्हणजे उपाय त्यालाही ठाऊक होता. बसवायला सवड मिळाली नव्हती, इतकेच. मास्तरांनी ते बसवले, चेनला दोन कड्या जोडल्या, ताण बोटाने दाबून पाहिला. पुढच्या पुलीत कडक स्प्रिंग घातली. मग मागच्या पुलीची स्प्रिंग पकडीत धरली आणि अंगचा जोर लावून तिसऱ्या भोकात ओढली. ती बसली तेव्हा खट् असा आवाज झाला. शेडमध्ये तो फार मोठा वाटला.

"बसला?" बायकोने विचारले.

"बसली," मास्तर म्हणाले. "स्प्रिंग."

"मी त्याचंच विचारत होते," बायको म्हणाली. कुणाचे, हे तिने सांगितले नाही.

वेल्डर भिंतीवरून डोकावला. "काय मास्तर, कुटुंबासह? उद्घाटन आहे की काय? पेढे कुठायत?" मग त्याने तिघांचे चेहरे पाहिले. तोंडातले पुढचे वाक्य त्याने गिळले आणि नुसताच म्हणाला, "मी येऊ का ढकलायला? लागलं तर?"

"लागणार नाही," ठकी म्हणाली. "पण या."

पायथ्याशी चौघे उभे राहिले. ठकीने हेल्मेट घातले. ती पुढे सरकून बसली, मागची अर्धी सीट नेहमीप्रमाणे मोकळी सोडून. इंजिन सुरू केल्यावर ती लगेच निघाली नाही. थोडी थांबली, मागच्याचे पाय पायदानावर नीट ठेवून होईपर्यंत पुढचा थांबतो, तशी. मास्तरांनी मागच्या टायरकडे पाहिले. गाडी अजून हललीही नव्हती, आणि तो हळूच, एखाद्या नखाएवढा, पसरला. काट्यावर असा तो कधीच पसरला नव्हता.

त्यांनी बायकोचा हात धरला. बायकोने तो आधीच धरलेला होता.

ठकीने रेस दिली. इंजिनाने आधी जोर धरला, मग पट्टा पकडला. कण्हणे नाही. गाडी जड होती, पण ओझ्याला तयार असलेल्या गाडीचा आवाज निराळा असतो; खालच्या पट्टीतला, भरलेला. मागचे गाल मिटलेले राहिले, सगळी ताकद चाकाला मिळाली. खडी मागे उडाली. व्हॉल्व्ह आला. वळण आले. वर्षानुवर्षे जिथे दम तुटला होता तिथे इंजिनाने एकदा श्वास घेतल्यासारखे केले, स्प्रिंगने पट्टा घट्ट धरून ठेवला, आणि गाडी वळून दिसेनाशी झाली.

"गेली!" वेल्डर ओरडला. "गेली मास्तर! व्हॉल्व्ह गेला!"

मास्तरांनी हात वर करून त्याला गप्प केले. ते ऐकत होते. टेकाडाच्या पलीकडून तोच खालच्या पट्टीतला आवाज येत होता, एकसारखा, चढत चाललेला. आता ते टाकीच्या कुंपणापाशी असतील. आता सपाटीवर. आता...

आवाज एकदम बदलला. तो उडालाच. भरलेली बादली उचलायला जावे आणि ती रिकामी निघावी, तसे इंजिन वर गेले. पातळ, उंच, मोकाट. अंगावरचे ओझे अचानक उतरलेल्या इंजिनाचा तो आवाज होता. वर्गात तो आवाज ऐकवून ते पोरांना विचारत, सांगा, काय झालं? आणि हुशार पोरगा उत्तर देई.

मास्तरांनी डोळे मिटले.

"उतरला का?" बायकोने विचारले.

त्यांनी होकाराची मान हलवली.

वर ठकीने रेस सोडली असावी, कारण आवाज खाली आला आणि मग बंद झाला. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. नंतर इंजिन न लावता, उताराने, ब्रेकच्या बारीक चरचरीसह ती खाली येताना दिसली. वेल्डरने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच ठेवले. ती त्यांच्यापाशी येऊन थांबली. तिचे डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर धुळीतून दोन ओल्या रेघा उतरल्या होत्या, पण ती हसत होती. भाऊ खोडी काढून पळाल्यावर हसायची, तशी.

ती सीटच्या मधोमध बसली होती.

"कसं आहे वर?" मास्तरांनी विचारले. काहीतरी विचारायला हवे होते.

"टाकी आहे बाबा नुसती. गंजलेली," ठकी म्हणाली. "आणि वारा आहे. खूप." तिने खांद्यावरून हात फिरवला, जणू तिथली धूळ झटकली. "तो हसत होता बहुतेक. नक्की नाही सांगता येत. इंजिनचा आवाज होता ना."

मास्तर वाकले. त्यांना रस्ता पाहायचा होता. वर जाणारी रेघ खडीत खोल गेली होती. खाली येणारी तिच्या शेजारून आली होती. उथळ, ठिकठिकाणी तर दिसतही नव्हती. या वेळी त्यांनी ते ठसे पुसले नाहीत. बोटे लावून दोन्हींची खोली पाहिली, उठले, गुडघे झटकले.

"पाना दे," ते ठकीला म्हणाले.

"घरी जाऊन करा की. घाई कसली?"

"अशी नेऊ नये. एकाला घेऊन ही फार किंचाळेल, पट्टा खाईल." ते बाइकपाशी बसले आणि झाकणाचा पहिला नट सैल केला. "मधल्या भोकात घालतो. तुझ्या वजनाला."

बायको त्यांच्या बाजूला खडीवर बसली. नट हातातून घरंगळू नयेत म्हणून तिने पदर पुढे पसरला, आणि मास्तर एकेक नट काढून त्यात ठेवू लागले.